मुठीतलं कात्रण

एका गावात दोघी जावा राहत होत्या आणि दोघींचा मिळून एक चाबूक होता. म्हणजे असं, की थोरली येसू कातड्याची वेणी घालायची आणि धाकटी हिरा लाकडाची मूठ करायची. अर्धा चाबूक हिचा, अर्धा तिचा. नवरे कातडं आणि लाकूड आणायला गावोगाव फिरत. घरी आले की दोन घास खायचे, पुन्हा वाटेला लागायचे. हुन्नर होता तो बायकांच्या हातात.

येसूची वेणी आठ पदरांची, सापासारखी निमुळती. हिराच्या मुठीवर लाखेचे रंग, वेल, वेलीवर पोपट. दोन्ही तयार झालं की हिरा आपल्या पडवीत बसून वेणीचं मूळ मुठीच्या भोकात बसवायची आणि जोडावर पितळेचं कडं ठोकायची. येसू तोवर चुलीपाशी गेलेली असायची. मुठीच्या आत काय होतं ते तिनं कधी पाहिलं नाही, आणि पाहायची गरजही पडली नाही.

दर दसऱ्याला राजाच्या रथाला नवा चाबूक लागे. तो घोड्याच्या अंगाला लावायचा नाही, नुसता हवेत वाजवायचा, अशी राजाची आज्ञा होती. ज्या गावचा चाबूक खणखणीत वाजेल, त्या गावच्या वेशीतून रथ निघायचा. हा मान आजवर यांच्याच गावाकडे होता.

एकदा येसू बाजारात गेली. तिथं शेजारच्या उमरी गावच्या कारागिराचा चाबूक टांगलेला होता. लांबून तिला वाटलं, ही तर माझीच वेणी. जवळ जाऊन हात लावावा, तर तेही केलं नाही. उमरी हे हिराचं माहेर. येसूच्या डोक्यात किडा शिरला तो तिथंच.

घरी आल्यावर ती हिराकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागली. वेणीसाठी वाद्या कापल्या की कातड्याची बारीक कात्रणं खाली पडायची. येसूनं पाहिलं, हिरा झाडायला येते, कात्रणं वेचते आणि पदराच्या गाठीत बांधते. कचरा कोण गाठीत बांधतं? ही माहेरी नमुना पोचवते. कातडं कसं कमावलं, वादी किती रुंद कापली, सगळं त्यावरून कळतं.

तोंडावर विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण येसूला विचारायचं नव्हतं. पकडायचं होतं.

तिनं कातडं कुलपात घातलं. कात्रणं स्वतः गोळा करून चुलीत टाकू लागली. हिरा जवळ आली की येसू वेणीवर फडकं टाकायची. दसरा जवळ आला तेव्हा म्हणाली, "हिरे, मूठ इकडं दे. वेणी मी बसवीन."

"आक्का, ते माझं काम. त्यात एक..."

"मला शिकवू नकोस. तुझ्या लग्नाच्या आधीपासून वेण्या घालतेय मी."

हिरानं मूठ पुढं केली आणि वळून आपल्या कामाला लागली. तिलाही मान होताच की.

येसूनं वेणी भोकात घातली, तर भोक सैल. दुसरी कुणी असती तर उठून विचारायला गेली असती. येसू मनात म्हणाली, बघ, मुद्दाम मोठं पाडलंय, माझं हसं व्हावं म्हणून. तिनं वाटीभर सरस ओतला, वर कडं ठोकलं, ओढून पाहिलं. धरलं होतं. आता बघू कोण हसतंय.

दसऱ्याला सगळा मुलूख जमला. राजा रथात बसला. सारथ्यानं नवा चाबूक उचलला आणि हात फिरवला. कडाड व्हायच्या जागी नुसतं फस्स झालं. वेणी मुठीतून सुटली आणि मागं राजाच्या मांडीवर जाऊन पडली.

सारथी मुठीकडं बघत म्हणाला, "महाराज, मूठ माझ्याकडे, चाबूक आपल्याकडे. घोड्यांनी ऐकायचं कुणाचं?"

लोक हसले. राजा हसला नाही. "उमरीचा चाबूक आणा," एवढंच म्हणाला.

येसू भर गर्दीत जावेवर धावली. "हिनं केलं! भोक मोठं पाडलं हिनं. माहेरच्यांना मान मिळावा म्हणून घर बुडवलं."

हिरा सरळ रथापाशी गेली. ती सारथ्याला म्हणाली, "दादा, गेल्या दसऱ्याचा चाबूक कमरेला आहे ना तुमच्या? द्या जरा."

तिनं दगडानं कडं काढलं. वेणी ओढली, निघेना. दोन गड्यांनी ओढली तेव्हा निघाली. मुळाभोवती कातड्याची कात्रणं घट्ट गुंडाळलेली होती. येसू डावखुरी, कातडं कापायच्या तिच्या रापीचा काप उलटा तिरका पडायचा. इथंही प्रत्येक कात्रणाचा काप उलटा तिरका होता.

"भोक मी नेहमीच सैल पाडते, आक्का," हिरा म्हणाली. "घट्ट पाडलं तर मूठ चिरते. म्हणून तुमचीच कात्रणं गुंडाळून ठोकते. सांगत होते, तर म्हणालात शिकवू नकोस."

तेवढ्यात उमरीचा चाबूक आला. येसूजवळूनच तो पुढं गेला. या वेळी तिनं नीट पाहिला. त्याची वेणी सहा पदरांची होती.

तो वाजला. बऱ्यापैकी वाजला. रथ उमरीच्या वेशीकडं वळला आणि गावाच्या वाट्याला धूळ आली. येसू खाली बसली, पडलेली कात्रणं एकेक करून वेचली आणि जावेच्या पदरात टाकली. हिरानं पदराला गाठ मारली. "चला आता," ती म्हणाली, "घरी चूल थंड पडलीय."

पुढं दोघींनी चाबूक बनवले, चांगले बनवले. पण गेलेला मान लगेच परत आला नाही. किती दसरे गेले ते त्या गावाला विचारा.

तात्पर्य: मनात संशय आला तर माणसाला समोर बसवून सरळ विचारावं. न विचारता त्याच्यापासून लपवाछपवी करत राहिलं, की त्याचं कपट तर सापडत नाहीच, आपल्या हातचं मात्र निसटून जातं.