खांबाची नाडी

“...मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा.”

विसाजीपंत वैद्य ओसरीवर हिरडे फोडत बसले होते. दगडावर हिरडा ठेवायचा, बत्त्याने ठेचायचा, बी काढून टाकायची. त्यांनी मान वर केली नाही.

“नरहरी माझ्यामागून आला,” भार्गव म्हणाला. “त्याला नाडी कुठे धरायची हे मी दाखवलं. आणि काल तुम्ही त्याला मोकळं केलंत. जा, आपल्या गावात रोगी बघ म्हणालात. मला मात्र नाही.”

“नाही.”

“का?”

पंतांनी पुढचा हिरडा घेतला.

पंतांच्या घरची रीत होती, की गुरूने मोकळं केल्याशिवाय शिष्याने एकट्याने कुणाची नाडी धरायची नाही. भार्गव त्या एका शब्दासाठी झुरत होता. ग्रंथ त्याला तोंडपाठ होते, आणि ते तो कुणीही न विचारता म्हणून दाखवी. पण पंतांच्या तोंडून तो शब्द काही निघत नव्हता, आणि आता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाठोडं त्याने बांधूनच ठेवलं होतं. आज होकार, नाहीतर रामराम.

तेवढ्यात सगुणा कुंभारीण पायरी चढून आली आणि भिंतीला टेकून बसली. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले.

“पंत, झोप लागंना झालीया. जेवान जाईना. छातीत नुसतं धडधडतंय.”

पंतांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हात मात्र पुढे केला नाही.

“बघ हिची नाडी,” ते भार्गवला म्हणाले. “माझ्यासमोर. बरोबर सांगितलीस, तर आजच मोकळा.”

भार्गव पुढे झाला. बाईचा डावा हात बघायचा असतो. तो त्याने ओढूनच घेतला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं रोवली आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला नरहरीच दिसत होता, नवी पगडी घालून गावात शिरताना.

“पित्त,” तो म्हणाला. “नाडी बेडकासारखी उड्या मारतेय. जुलाब द्यायला हवा. चांगला कडक.”

सगुणाचं तोंड उतरलं. “अंगात काय ऱ्हायलं न्हाई वो. जुलाबानं मरंन मी.”

“मध्ये बोलू नका,” भार्गव खेकसला.

“पुन्हा बघ,” पंत म्हणाले.

त्याने पुन्हा बघितली. आणखी जोरात दाबून.

“तेच. मघापेक्षा वाईट.”

पंत उठले. त्यांनी भार्गवचं मनगट धरलं, त्याला ओसरीच्या खांबापाशी नेलं आणि त्याची तीन बोटं सागाच्या लाकडावर ठेवली.

“दाब.”

“पंत, माझी थट्टा...”

“तिचा हात दाबलास तेवढं दाब.”

भार्गवने दाबलं. रागानेच दाबलं. म्हातारा आता आपल्याला रोग्यासमोर वेडा ठरवणार, हे त्याला दिसतच होतं.



मग त्याने बोटं उचलली. खांबाकडे पाहिलं. पुन्हा टेकवली.

“काय लागतंय? सांग.”

“...बेडूक.”

“मग दे जुलाब खांबाला.”

भार्गवच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाई हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. आपलं मनगट चोळत, भेदरून, ती त्याच्याकडे बघत होती. तिथे त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

“तुम्हीच मला चिडवलंत,” तो म्हणाला. “काल नरहरीला मोकळं करून. मुद्दाम.”

“काल. आणि परवा कुणी चिडवलं होतं?”

भार्गव खांबापासून बाजूला झाला.

“त्याच्या आधी? या ओसरीवर पाऊल टाकलंस, की तुझं रक्त उसळायला लागतं, पार बोटांच्या टोकांपर्यंत,” पंत म्हणाले. “आता त्याला कारण लागत नाही. मी तोंड उघडायच्या आत ते तयार असतं. ते शिकलंय.”

भार्गवला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. सकाळी कडी वाजवतानाच त्याचे दात आवळलेले असत. मुलीच्या बारशालाही तो आवळल्या दातांनीच बसला होता, आणि बायकोने विचारलं तेव्हा तिच्यावरच डाफरला होता. त्याने एक मोठा श्वास घेतला.

“ठीक. मी राग सोडला. आत्ता, या क्षणी. मनात काही नाही.”

पंतांनी खांबाकडे बोट दाखवलं.

त्याने बोटं टेकवली. उड्या चालूच होत्या.

“मनाने सोडला असशील,” पंत म्हणाले. “खाली निरोप पोचायचाय.”

“मग त्याला कसं सांगू? ऐकत नाही ते माझं. थांब म्हटलं की जास्त उसळतं.”

“त्याला कशाला सांगतोस? ते बहिरं आहे.”

“मग कुणाला सांगू?”

पंतांनी सावकाश श्वास सोडला. पोट खपाटीला जाईपर्यंत. मग जरा वेळ ते तसेच राहिले.

“श्वासाला,” ते म्हणाले. “तो ऐकतो.”

“बरं, माझं राहू द्या,” तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “ही बाई ताटकळलीय. माझी बोटं खोटी, तर तुम्ही बघा हिची नाडी. ती आल्यापासून तुम्ही तिला हातही लावला नाहीत.”

पंतांनी आपला उजवा हात पुढे केला.

“धर. हलकं. माशी बसते इतकं हलकं.”

भार्गवने बोटं नुसती टेकवली. इतकी हलकी, की आधी त्याला काहीच लागलं नाही. मग लागलं. म्हाताऱ्याच्या पातळ कातडीखाली नाडी धावत होती, ठेचकाळत होती, उसळत होती. त्याने चमकून वर पाहिलं. पंतांचा चेहरा शांत होता. सकाळपासून त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता.

“पंत... तुम्ही...”

“सकाळपासून.”

“कुणावर?”

पंतांनी त्याच्याकडे पाहिलं. हात मागे घेतला.

“आत चुलीवर पेज आहे,” ते म्हणाले. “ती आण. पेज द्यायला नाडी बघावी लागत नाही.”

भार्गवने पेज आणली. वाटी सगुणाच्या हातात दिली, आणि दिल्यावर त्याला काय करावं सुचेना. जायचं म्हटलं, तर मघाचा आवेश उरला नव्हता. राहायचं म्हटलं, तर मान खाली घालावी लागणार होती. अखेर तो पंतांसमोर बसला आणि कोपऱ्यातला दुसरा बत्ता ओढून घेतला. दोघंही हिरडे फोडू लागले. सुरुवातीला दोघांचेही घाव नको तितक्या जोरात पडत होते.

सगुणा घोट घोट पेज पीत एकदा गुरूकडे बघे, एकदा चेल्याकडे. वाटी संपली, तरी कुणी उठेना.

“अवं पंत,” ती म्हणाली, “मंग मला बगनार कोन?”

“बस बाई,” पंत म्हणाले. “आधीचे दोन आजारी उठू देत.”