पायथ्याची खडी

“अंजिराची खडी नापास?”

“नापास,” हौसा म्हणाली. “माई, तुम्हीच बघा.”

मठाची जुनी टाकी गळायची. सगळी खडी एकाच मापाची, मधल्या फटी कोण भरणार? म्हणून नव्या टाकीसाठी मठाच्या गुरू सरूमाईनं लहान-मोठी खडी मिसळून दोन ढीग करायला लावले. एक हौसाचा, एक नव्या आलेल्या अंजिराचा. चाळल्यावर ज्यात सगळी मापं नीट निघतील, त्याचं पहिलं घमेलं टाकीच्या पायाभरणीत पडणार. चाळायचं काम जुनी चेली म्हणून हौसाकडं.

चाळण्या एकावर एक रचलेल्या. मोठ्या भोकांची वर, बारीक खाली, तळाला ताट.

वरची चाळणी गच्च भरलेली. खालच्या रिकाम्या.

माईनं तळाच्या ताटात बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

“एवढा ढीग, आणि चिमूटभर धूळ नाही?”



तेवढ्यात अंजिरा दारात. “हौसाअक्का, झाली का गं पास? पोरीचं लग्न ठरवायला बसल्यासारखं धडधडतंय बघ!”

हौसानं तोंड फिरवलं.

“अजून चाळतोय,” माई म्हणाली. “जा, पाणी भर.”

अंजिरा हसत गेली.

“कुठून उचललीस?” माईनं हौसाला विचारलं.

“ढिगातनं.”

“ढिगाच्या कुठनं?”

“…पायथ्याहून.”

“पायथ्याला काय असतं?”

“मोठे दगड. गडगडत खाली येतात. बारीक वरच राहतं, आत राहतं.”

“मग घ्यायचं कसं?”

“वरनं, मधनं, खालनं. चारी बाजूंनी. सगळं एकत्र कालवायचं, मग त्यातलं घ्यायचं.”

“कोणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“म्हणजे चुकून नाही घेतलंस.”

“नाही.”

मग हौसा फुटलीच. किती दिवस आत कोंडून ठेवणार?

“काल आलेली ती! तुमच्या शेजारी तिचं ताट. तिला हाक मारता तेव्हा आवाज मऊ होतो तुमचा. मला काय? हौसा, चूल बघ. हौसा, गाय बांध. माझे केस पिकले या मठात, माई! आता पहिलं घमेलंसुद्धा तिचंच?”

माई ऐकत होती.

“बघवत नाही मला. तिचं हसणं बघवत नाही. रात्री तिच्या ढिगाला लाथ मारावी वाटते.”

“मारलीस?”

“नाही… त्याहून वाईट केलं.”

हौसा उठली. खुंटीवरचं लुगडं ओढलं, बोचकं बांधायला लागली.

“हाकलायच्या आधी मीच जाते. कळलं ना आता तुम्हाला, कशी आहे मी?”

माईनं चाळणीतली खडी ओतून टाकली. रिकामं घमेलं उचललं, बोचक्यावर ठेवलं.

“एवढ्यावरनं कशी कळणार? हे तर पायथ्याचं आलं. वरचं आण, मधलं आण… मग बघू.”