साध्या टीव्हीतला समुद्र

इचलकरंजीच्या मगदूम काकूंना टीव्ही हवा होता, तो अंथरुणाला खिळलेल्या काकांना समुद्र दाखवण्यासाठी. टीव्ही, स्टँड आणि स्पीकर, सगळं वीस हजारांत बसवायचं होतं. दुकानातल्या एका साध्या टीव्हीसमोर त्या थबकल्या. निळ्या पाण्यात मासे असे तरंगत होते, की काकूंना आपलेच पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटले.

"हा? हा तर पानटपरीत लावायचा!" दुकानाचे मालक खर्डेकर म्हणाले. "आमचा साठ हजारांचा बघा. त्यातलं पाणी हाताला ओलं लागतं."

"कुठाय तो?"

"गोदामात. थांबा, जाहिरात दाखवतो." त्यांनी ऐटीत रिमोट दाबला. समोरच्याच पडद्यावर साठ हजारांचा टीव्ही झळकला. त्यात लाटा फुटल्या, फेस चमकला. "आहे की नाही जिवंत?"

"आहे की," काकू स्वप्नात बोलल्यासारख्या म्हणाल्या. "पण मालक, हे मी तुमच्या पानटपरीच्या टीव्हीवरच बघतेय ना?"

खर्डेकरांनी घाईघाईने जाहिरात बंद केली.

"मग हाच बांधा, आणि लाटा ऐकायला स्पीकर द्या. यात समुद्र तर दिसतोच, वर तुमचा साठ हजारांचा टीव्हीही फुकटात दिसतो!"