अक्काचा भाव

"आणि तुझ्या बहिणीचा भाव काय?"

शेषराव इंगोले मघापासून ऐटीत एकेका उमेदवाराचे भाव सांगत होता. मठाच्या वनमाळीबुवांच्या या प्रश्नाला तो अडखळला.

"नऊ रुपये."

"म्हणजे सगळ्यांत वरचढ की."

"नाही बुवा. आमच्या धंद्यात उलटं असतंय. नक्की निवडून येणाऱ्याचा भाव पैशात. बावीस पैसे, तीस पैसे. रुपयात गेला की माणूस संपला."

शेषराव निवडणुकीवरच्या सट्ट्याचे भाव काढायचा. पक्षानं यंदा विधानसभेचा उमेदवार सभासदांच्या मतांनी ठरवायचं म्हटलं होतं. मतदान रविवारी. उभे तिघं, आणि त्यांत शेषरावची थोरली बहीण अनसूया. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला.

"वीस वर्षांत माझा भाव एकदाही चुकला नाही," शेषराव म्हणाला. हे वाक्य तो लग्नाच्या पंगतीतही सांगायचा.

"हा भाव लोकांत फोडलास कधी?"

"सोमवारी."

"तेव्हा तिच्याकडं माणसं किती होती?"

"असतील दीडशे."

"आणि आज?"



"कुणी नाही. प्रचाराला दारात सतरंज्या अंथरल्यात... अक्का एकटीच बसती."

"तू गेला होतास?"

"समोरच्या पानटपरीवरून बघितलं. तीनदा." मग त्यानं मान वर केली. "पण बुवा, अंदाज बरोबरच निघाला ना?"

 बुवा उठून ओसरीवर आले. शेषराव मागोमाग.

दर गुरुवारी मठात दुपारी खिचडी असायची. पंधरा-वीस माणसं पत्रावळी मांडून बसली होती.

"आज खिचडी मिळेलसं दिसत नाही," बुवा म्हणाले. आवाज नेहमीचाच.

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. एक उठला. मग दोघं उठले. मग बाकीच्यांना बसवेना. बुवांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, विचारायचं कुणी? घटकाभरात ओसरी रिकामी झाली. पत्रावळी तेवढ्या राहिल्या.

बुवांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. खिचडी काठोकाठ होती, वाफाळत होती.

"बघ," बुवा म्हणाले, "कुणालाच मिळाली नाही. माझंही चुकलं नाही."

शेषरावचा चेहरा उतरला. तो तसाच अनवाणी रस्त्यावर धावला.

"अहो, खिचडी आहे! भरपूर आहे! या मागं!"

बहुतेकांनी वळूनही पाहिलं नाही. तालुक्यात ज्याच्या एका शब्दावर माणसं इकडची तिकडं व्हायची, तो भर उन्हात ओरडत उभा होता आणि कुणी ऐकत नव्हतं. एक म्हातारी तेवढी परतली. तिला गुडघेदुखीमुळं लांब जाता आलं नव्हतं.

बुवांनी तिला वाढलं. ती जेवू लागली. शेषराव खांबाला टेकून बसला. त्याला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"आज संध्याकाळी भाव बदलतो," तो म्हणाला. "अक्काला पंचवीस पैसे लावतो."

"त्यानं काय होईल?"

"सगळी माणसं परत येतील बघा तिच्याकडं."

"येतील. आणि तू?"

म्हातारीनं आणखी थोडी खिचडी मागितली. बुवांनी वाढली.

"बुवा," शेषरावचा आवाज बसला होता, "मी दारात गेलो तर अक्का मला आत घेईल का?"

"काढ की भाव."

शेषरावनं डोळे मिटले. अख्ख्या तालुक्यातलं कुठलं घर कुणाकडं झुकणार, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यानं बोटांची पेरं मोजली. हिशेब मोडला, पुन्हा मोजली.

म्हातारीचं जेवण आटोपलं. तिनं हात धुतले आणि ती गेली.

"भाव निघत नाही, बुवा..."

"मग आता जा."