न आलेल्यांची यादी

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध गुरुजी संगणकाची विद्या शिकवीत असत. त्या वर्षी धरण तुडुंब भरले आणि निरोप आला, सहा वाजता दरवाजे उघडणार. काठावरची चाळीस हजार माणसे छावण्यांत हलवली होती. गुरुजींकडे दोन याद्या आल्या, एक काठावर राहणाऱ्यांची आणि एक छावणीत पोहोचलेल्यांची. मागे कोण राहिले, एवढेच शोधायचे होते.

त्यांच्या शिष्येने भराभर सबक्वेरी, म्हणजे एका प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न, लिहिली. काठावरचे एकेक नाव घ्यायचे आणि दर वेळी छावणीची अख्खी यादी धुंडाळायची. यंत्र फिरू लागले ते फिरतच राहिले. साडेचार वाजले.

गुरुजींनी ते सरळ थांबवले. दोन्ही याद्यांतली दोन हजारच नावे घेतली आणि हातात घड्याळ धरून आधी तिची सबक्वेरी चालवली, मग दोन याद्या एकमेकींना जोडणारा आउटर जॉइन.

"गुरुजी, तिथं माणसं बुडतील, आणि तुम्ही घड्याळ कसलं बघताय?" शिष्या चिडलीच.

"तुझ्या रीतीला चाळीस सेकंद लागले, जॉइनला एकही नाही," गुरुजी म्हणाले. "नावं वीसपट झाली की तुझा वेळ चारशेपट होतो. रात्रीचे नऊ वाजतील, पोरी. जॉइन दोन्ही याद्या नावांच्या क्रमानं लावून शेजारीशेजारी ठेवतो आणि एकदाच वरून खाली येतो. त्यातही आउटर जॉइनचं मला फार कौतुक वाटतं. ज्याला जोडी मिळाली नाही त्याला तो गाळत नाही, त्याच्यापुढची जागा रिकामी ठेवतो. आपल्याला त्या रिकाम्या जागाच हव्यात."

"म्हणजे सबक्वेरी वाईटच म्हणायची?"

"छे. दहा नावं असती तर मीही तीच लिहिली असती. काही यंत्रं दोन्ही कामं सारख्याच वेगानं उरकतात. हे त्यातलं आहे का, मला कुठं ठाऊक होतं? म्हणून थोड्या नावांवर चालवून यंत्रालाच विचारलं."

गुरुजींनी सगळ्या नावांवर जॉइन चालवला आणि मिनिटभरात यादी आली. तीन जागा रिकाम्या होत्या. नदीच्या वळणावरची एक आंधळी आजी आणि तिचे दोन नातू. जीप तडक सुटली आणि पावणेसहाला तिघांना घेऊन परतली.

आजींना खुर्चीत बसवून शिष्या गुरुजींजवळ आली. "मी उगाच बोलले तुम्हाला. तुम्ही एवढे शांत कसे राहिलात?"

"शांत कुठला? मीही घाबरलोच होतो," गुरुजी म्हणाले. "भीतीच्या भरात माणूस ओळखीचीच वाट धरतो, म्हणून मोजून घेतलं."

 शिष्येने छावणीची यादी उघडली आणि त्या तिघांची नावे स्वतःच्या हाताने तिच्यात चढवली.