टोपाची डावी कड

"पण ती पूड तुम्ही ठेवता कुठं, बुवा?"

"कुठली पूड?"

"जिनं नवा टोप जुना दिसतो ती."

केवलगिरी बुवा सुपारी कातरत होते. "माझ्याकडं सुपारी आहे," ते म्हणाले. "हवी?"

गुणाजीनं सुपारी घेतली नाही. म्हातारा आपल्याला उडवून लावतो आहे, हे त्याला पुरतं कळलं होतं.

मठाच्या गाभाऱ्यात जुन्या सरदारांचा लोखंडी टोप होता. दसऱ्याला गावात सरदारांचं सोंग निघायचं. पण खरा टोप उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, असा मठाचा दंडक. म्हणून सोंगासाठी दरवर्षी हुबेहूब दुसरा टोप मठातच घडवायचा. इतकी वर्षं ते काम बुवा करत. यंदा त्यांचे हात थरथरू लागले आणि काम शिष्याकडं, गुणाजीकडं आलं.

बुवांनी पसंत केला, तर टोप सोंगाच्या डोक्यावर चढणार आणि गुणाजी मठाचा कारागीर होणार. नाही तर तालुक्याच्या दुकानातून नाटकातला टोप भाड्यानं यायचा, आणि गुणाजीला गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

त्यानं जीव ओतला होता. शाडूच्या साच्यावर कागदाचा लगदा थापला, चिंचोक्याच्या खळीनं घट्ट केला. कपाळावरची वेल, नाकावर उतरणारी पट्टी, कानांवरचे पत्रे, पत्र्यांचे खिळे, माथ्यावरचा तलवारीचा घाव... सगळं कोरून काढलं. वरून शिसपेन्सिलीची पूड चोळली आणि गुळगुळीत गोट्यानं घोटली, तशी लोखंडाची झाकही आली.

तरी येणारा-जाणारा म्हणायचा, "वा! नवा कोरा दिसतो!"

हे ऐकलं की गुणाजी टोपावर फडकं ओढायचा. बुवांचे टोप कधी कुणाला नवे वाटले नव्हते. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यात आणखी एक भानगड. टोप झाकून ठेवावा आणि नंतर उघडून पाहावा, तर काहीतरी बदललेलं असायचं. डावी कड बोथट. एक खिळा चेपलेला. माथ्याजवळ एक पोचा, जो त्यानं पाडलाच नव्हता.

त्यानं कड पुन्हा लगदा लावून धारदार केली. ती पुन्हा बोथट झाली.

मग त्यानं टोपावरच्या फडक्यावर कडुनिंबाचं एक पान ठेवलं आणि तो ओढ्यावर गेला. परत आला तेव्हा पान जमिनीवर पडलेलं.

"वारा सुटला होता," बुवा म्हणाले.

गुणाजीनं त्यांना काही विचारलंसुद्धा नव्हतं.

संशयाला औषध नसतं, आणि गुणाजीनं ते शोधलंही नाही. हा म्हातारा आपल्यावर जळतो, त्याला आपल्यामागं मठाचा कारागीर नकोच आहे... एकदा हे मनानं घेतलं, की बुवांचं खोकणंसुद्धा त्याला कावेबाज वाटू लागलं. ज्या माणसानं हाताला धरून लगदा मळायला शिकवलं, त्याच्याविषयी असं वाटतं याचं त्याला वाईट वाटायचं. पण वाटायचंच.

एक दिवस दुपारी तो मोठ्यानं म्हणाला, "बुवा, शाडू आणायला खाली जातो!" आणि फाटकाबाहेरच्या चिंचेआड जाऊन उभा राहिला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग बुवा बाहेर आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, ओसरीवरच्या टोपाचं फडकं काढलं, डाव्या हातानं तो उचलला आणि सरळ आपल्या डोक्यावर चढवला.

गुणाजीनं चिंचेआडून मान बाहेर काढली.

टोप घालून बुवांनी गाईला पाणी दाखवलं. गोठ्यातून बाहेर पडताना ठेंगणी चौकट लागली, ठण्णदिशी नव्हे, कागदच तो, ढप्पदिशी. बुवा "नारायण" म्हणाले. कट्ट्यावर बसून त्यांनी टोप काढला, घाम पुसला, टोप पुन्हा घातला. आणि खराटा घेऊन अंगण झाडायला लागले.

अंगण निम्मं झालं नाही तोच गुणाजी चिंचेआडून धावत आला.

"पकडलं!"

बुवांनी खराटा थांबवला. "कुणाला?"

"माझा टोप का घातलात?"

"डोक्यावरच घालतात ना?"

"त्याची कड झिजली!"

"झिजली खरी."

"तुम्ही माझं काम नासवताय, बुवा. मी पुढं गेलेलं तुम्हांला बघवत नाही!"

शब्द तोंडातून गेला आणि गुणाजीला तो गिळावासा वाटला. पण गेलेला शब्द थोडाच परत येतो?

बुवा रागावले नाहीत. खराटा भिंतीला टेकवून ते गाभाऱ्यात गेले. गुणाजी मागोमाग गेला.

"सरदारांचा टोप उचल."

"मी?... मी कधी हात लावला नाही."

"ठाऊक आहे. नुसता बघून घडवलास. उचल."

गुणाजीनं हात जोडले आणि टोप उचलला. डाव्या हाताचा अंगठा कडेवरच्या एका खोलगट जागी बसला. असा बसला, की जणू ती जागा त्याची वाटच पाहत होती.

ही जागा त्यानं पाहिली होती. लोहाराची चूक समजून आपल्या टोपावर त्यानं ती सरळ करून टाकली होती.

त्यानं अंगठा उचलला आणि पुन्हा त्याच, हाताळून झिजलेल्या जागी टेकवला...

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्याचा आवाज अजून घुश्शातच होता.

"सांगितलं असतं, तर कानशीनं घासून मोकळा झाला असतास."

गुणाजीनं टोप जागेवर ठेवला. दोघं बाहेर आले. बुवांच्या डोक्यावर कागदी टोप तसाच होता, जरासा तिरका.

"मग... दसऱ्याला माझा टोप चालेल?"

"चिंचेआड किती वेळ उभा होतास?"

गुणाजीनं मान खाली घातली. "पुष्कळ वेळ."

बुवांनी टोप काढला आणि शिष्याच्या डोक्यावर ठेवला. मग भिंतीचा खराटा उचलून त्याच्या हाती दिला.

"अर्धं अंगण राहिलंय," ते म्हणाले.