आपोआप उभा राहणारा पोशाख

डोंगरपेठ संस्थानच्या राणीसाहेबांचे कपडे तान्हूबाई शिंपीण शिवायची. राणीसाहेब वळल्या की कापडही वळायचे, चालल्या की झुळझुळायचे. त्यांच्या कमरेचा बाक तिला पाठ होता.

नव्या दिवाणांना हे खपेना. ज्यात बाईचा बांधा कळतो तो पोशाख राणीला शोभत नाही, असे त्यांचे मत. दसऱ्याच्या दरबारासाठी त्यांनी जरीचा पोशाख करवून आणला आणि महाराजांसमोर ठेवला. जरीचे काम इतके जड, की तो आपोआप ताठ उभा राहिला.

तान्हूबाईने शेजारी आपला रेशमी पोशाख ठेवला. तो मऊसूत पसरला.

"ही बघा चिंधी!" दिवाण हसले. "महाराज, हिला आजच रजा द्या."

बावीस वर्षांची चाकरी. तान्हूबाईने हात जोडले.

"दिवाणसाहेब, तुमचा पोशाख थोर. राणीसाहेबांवाचून उभा राहतो. मग दसऱ्याला महाराजांच्या शेजारी त्यालाच उभा करा, राणीसाहेबांना कशाला शीण? माझा मेला त्यांच्यावाचून उभाच राहत नाही."

पडद्याआड बसलेल्या राणीसाहेबांच्या बांगड्या किणकिणल्या. महाराजांनी एकदा त्या ताठ पोशाखाकडे पाहिले, एकदा पडद्याकडे.

"याच्या शेजारी आम्ही नाही उभे राहणार," ते म्हणाले. "तान्हूबाई, तुझा पोशाख आत ने."

दिवाणांचा पोशाख कोठीत गेला. म्हणतात, अजून उभाच आहे.